रोजकीर्दीतलं मनन: एक उतारा, एक काम

हिशेबनीस म्हणून माझी एकतीस वर्षं गेली. रोजकीर्द त्या दिवशीची त्याच दिवशी लिहायची, उद्यावर ढकलली की गोंधळ झालाच, हे अंगात मुरलेलं. देवाच्या वचनाच्या बाबतीत मात्र मी वर्षानुवर्षं उलटं करत आले. दर जानेवारीत बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरुवात, निर्गमात दमछाक आणि लेवीय लागलं की चाक रुतलंच. सहासष्ट पुस्तकांचे मिळून ११८९ अध्याय, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे रोज तीन-चार अध्याय. हिशेब चोख होता. पण चार दिवस ताप आला की तेरा-चौदा अध्यायांची थकबाकी व्हायची, आणि थकबाकी वाढली की मी बायबलकडे बघायचंच टाळायचे.

एका वर्षी जिद्दीनं पूर्ण केलं. त्याच वर्षी एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहज विचारलं, "रोज पहाटे वाचता म्हणे तुम्ही. आज काय वाचलंत?" मी आठवायला लागले. चार अध्याय वाचले होते आणि एक शब्द हाताला लागेना. "चांगलं होतं काहीतरी," असं म्हणून मी पावत्या चाळायला घेतल्या.

त्या दुपारच्या लाजेतून जी पद्धत हळूहळू बसत गेली ती इथे सांगते. ती माझ्या मापाची आहे. तुमच्या अंगाला बसेल तशी उसवा, शिवा.

आधी थकबाकी माफ करून टाका

येशूनं शिष्यांना वधस्तंभ उचलून मागे यायला सांगितलं, ते मत्तय, मार्क आणि लूक तिघांनीही लिहिलंय. त्यात 'दररोज' हा शब्द एकट्या लूकनं नोंदवलाय (९:२३). मला तो शब्द फार उशिरा दिसला. शिष्यत्व एकदाच सही करून मिळत नाही, ते रोज नव्यानं उचलायचं असतं, हे एक. आणि दुसरं, आजचं आजच उचलायचं असतं.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवानं इस्राएली लोकांना दिलेलं अन्न, गोळा करायची रीत आहे. ज्याला जेवढा लागेल तेवढाच आणि त्या दिवसापुरताच घ्यायचा. काहींनी सकाळपर्यंत राखून ठेवला तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. काल मान्ना वेचला नाही म्हणून आज कालचा वसूल करा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून पहिला नियम: राहिलेले दिवस भरून काढायचे नाहीत. आज बुधवार असेल तर बुधवारचं वाचा. सोमवार-मंगळवार गेले ते गेले. मी हिशेबातली बाई, मला हे पचायला दोन वर्षं लागली.

वेळ, जागा, वही

यावर फार वेळ घालवत नाही. येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असं मार्कनं लिहिलंय (१:३५), म्हणून पहाटेचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. पण दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता, आणि पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस रात्रंदिवस मनन करतो. रात्रपाळी करणाऱ्यानं किंवा तान्हं मूल असलेल्या बाईनं पहाटेवरून स्वतःला बोल लावू नये. दिवसातली पंधरा मिनिटं ठरवा, शक्यतो रोज तीच. जागाही तीच ठेवा, म्हणजे तिथे बसलं की मन आपोआप ओळखीच्या वाटेला लागतं. मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसते. स्टुलाला पाठ नाही, त्यामुळे डुलकी लागत नाही.

फोन दुसऱ्या खोलीत. त्यातलं बायबल वाईट नसतं, पण वचनाच्या डोक्यावर कुणाचा तरी निरोप येऊन बसतो. आणि एक साधी, रेघा मारलेली वही घ्या. सुंदर वही आणू नका, तिच्यात खाडाखोड करायला जीव धजत नाही.

काय वाचावं

नव्यानं सुरू करत असाल तर मार्क घ्या. चारही शुभवर्तमानांत सगळ्यात आटोपशीर, सोळा अध्याय, आणि शिष्यांच्या चुका त्यानं फारशा झाकलेल्या नाहीत. पुढे फिलिप्पैकरांस पत्र किंवा याकोबाचं पत्र, अधूनमधून एखादं स्तोत्र. पूर्ण नवा करार एका वर्षात करायची हौस असेल तर त्याचे अध्याय २६० आहेत. आठवड्याचे पाच दिवस एकेक घेतला तर बावन्न आठवड्यांत बरोबर बसतात आणि दोन दिवस मोकळे राहतात. माझा अनुभव विचाराल तर एक अध्यायही जास्त होतो. दहा-पंधरा ओळी पुरतात.

उतारा कुठे थांबवायचा हे अध्यायाच्या आकड्यावर सोडू नका. मूळ लेखकांनी आकडे घातलेले नाहीत. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातल्या वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकानं १५५१ साली छापले. ते जागा सापडावी म्हणून आहेत. मार्कच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी येशू जे बोलतोय त्याचं पुढचं वाक्य नवव्या अध्यायाचं पहिलं वचन होऊन बसलंय. आकडा बघून पान मिटणाऱ्याचं ते वाक्य त्या दिवशी हुकतं. गोष्ट संपेल किंवा बोलणं संपेल तिथे थांबा.

रोज एकच वचन घेण्याची परंपराही जुनी आहे. जर्मनीतल्या हेर्नहूटची मोरावियन नावाच्या ख्रिस्ती पंथाची मंडळी १७३१ पासून वर्षभराची वचनं छापतात. जुन्या करारातलं वचन चिठ्ठी काढून निवडतात. मला त्यात वावगं काही दिसत नाही, फक्त वचनाच्या आजूबाजूचं रानही बघावं. पूर्वी बढतीच्या वर्षी मी यिर्मया २९:११ कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. बढती मिळाली नाही आणि मी देवावर रुसले. बऱ्याच काळानं पूर्ण अध्याय वाचला. ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि अगदी आधीच्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातल्या बहुतेकांना परतीची वाट दिसलीच नसणार. माझ्या कपाटावरचा कागद मी काढला नाही. त्याच्यावर पेन्सिलीनं '२९:१०' लिहून ठेवलं.

कसं वाचावं

तीनदा. पहिल्यांदा सरळ, गोष्ट कळण्यापुरतं. दुसऱ्यांदा सावकाश. तिसऱ्यांदा ओठांनी, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात. पहिल्या स्तोत्रात 'मनन' या अर्थी जो हिब्रू शब्द आहे, 'हागा', त्यात पुटपुटणं आहे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहालाही तोच शब्द वापरलाय. आपण मनन म्हटलं की डोळे मिटून गप्प बसतो, आणि इथे सिंह तोंडातलं सोडत नाहीये. हे कळल्यापासून मी लाजणं सोडून मोठ्यानं वाचते. डोळा ज्या शब्दावरून घसरतो तिथे जीभ अडखळते, असा माझा अनुभव आहे.

मग वही. माझ्या पानाला चार रकाने: काय दिसलं, काय टोचलं, आज काय करायचं, संध्याकाळी काय झालं. तारीख आणि उतारा वर.

'काय दिसलं' मध्ये शिकवण लिहायची नाही. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण काय म्हणालं. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण सगळं इथूनच निघतं. नाहीतर वाचण्याआधीच आपल्याला अर्थ माहीत असतो आणि लहानपणी ऐकलेला उपदेशच आपण पुन्हा लिहून काढतो.

एक पान दाखवते. मार्क १०:४६-५२, यरीहोबाहेरचा आंधळा बार्तीमय. दिसलं ते असं: तो वाटेच्या कडेला बसलाय. तो ओरडतो. गप्प राहा म्हणून पुष्कळ लोक त्याला दटावतात. तो आणखी ओरडतो. येशू थांबतो. स्वतः जाऊन हात धरत नाही, 'त्याला बोलवा' म्हणतो, म्हणजे दटावणाऱ्यांनाच आता बोलवायला जावं लागतं. बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? दृष्टी येते. तो वाटेनं येशूच्या मागे चालू लागतो.

हा उतारा मी शंभरदा ऐकला असेन. लिहायला लागल्यावर दोन गोष्टी पहिल्यांदा दिसल्या. तो प्रश्न थोडा वर, ३६व्या वचनातही आहे. तिथे येशूनं तो याकोब आणि योहान यांना विचारलाय, आणि त्यांनी मागितलंय काय, तर वैभवात उजव्या-डाव्या बाजूच्या जागा. प्रश्न एक, मागणी दोन प्रकारची. दुसरं म्हणजे ती 'वाट'. सुरुवातीला तो वाटेच्या कडेला आहे, शेवटी वाटेवर. आणि वाट कुठे जाते? पुढच्याच अध्यायात यरुशलेम आहे. दृष्टी आल्यावर तो मोकळा झाला होता, कुठेही जाऊ शकला असता.

'काय टोचलं' या रकान्यात एकच ओळ लिहायची. दोन सुचल्या तर जी लिहायला नको वाटते ती. त्या दिवशी मी लिहिलं: दटावणाऱ्यांत मी आहे. आमच्याकडे नवीन लागलेली एक मुलगी तेच तेच विचारत राहायची आणि मी मान वर न करता 'नंतर' म्हणायचे. आठ दिवस तिचं 'नंतर' आलेलं नव्हतं.

'आज काय करायचं': दुपारच्या सुटीआधी तिला खुर्ची देऊन बसवायचं आणि तिचं ऐकून घ्यायचं.

हा तिसरा रकाना सगळ्यात कठीण, आणि बहुतेक लोक इथेच घसरतात. मीही घसरायचे. 'मी अधिक प्रेमळ होईन', 'विश्वासात वाढेन', 'देवावर अवलंबून राहीन' अशी वाक्यं लिहायचे. ती हिशेबात धरता येत नाहीत. कामाला माणूस हवा, वेळ हवी, आणि झालं की नाही हे रात्री एका शब्दात सांगता आलं पाहिजे. कधीकधी काम न करण्याचंही असतं: अमक्याबद्दल आज तोंड उघडायचं नाही. नव्या करारात शिष्य या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, 'माथेतेस', त्याचा अर्थ शिकणारा. उमेदवारीवर लागलेलं पोर रोज एकेक काम हाताखालून घालवतं, तसं.

प्रार्थना

उताऱ्यातलेच शब्द घेऊन करावी. बार्तीमयाचं 'माझ्यावर दया कर' घेतलं तरी पुरे. बाराव्या शतकातला गीगो नावाचा मठवासी वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर निवांत टेकणं अशा चार पायऱ्यांची शिडी सांगून गेलाय. चौथ्या पायरीवर मी फार वेळ टिकत नाही, दोन मिनिटांत यादी आठवते. तरी बसते.

कोरडे दिवस येतात. आई गेली त्यानंतर अकरा दिवस माझ्या वहीत 'काही नाही' एवढंच आहे. खोटं भरू नये. त्या वेळी मी स्तोत्र ८८ वाचायचे, रोज तेच. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे आशेला वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलंय, म्हणजे अशी प्रार्थना देवाला चालते, एवढा आधार मला तेव्हा पुरला.

संध्याकाळचा रकाना

झोपण्याआधी पाच मिनिटं. लोयोलाचा इग्नेशियस या ख्रिस्ती धर्मगुरूनं सोळाव्या शतकात दिवसाची उजळणी करायची पद्धत शिकवली: आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग दिवसभराची पाहणी, क्षमा, आणि उद्यासाठी साहाय्य. मी क्रम तोच ठेवते, फक्त आखूड करते. आभार आधी, हे मात्र सोडायचं नाही. आधी चुका काढायला बसलं की आभारापर्यंत पोचायच्या आत डोळे मिटतात.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात सपशेल पडले. चौथ्या रकान्यात 'केलं' आलं की मी बरोबरची खूण करायचे आणि महिनाअखेर बेरीज मारायचे. एकदा सलग एकशे बारा दिवस खाडा नव्हता. मंडळीत कुणी आपलं वाचन होत नाही म्हणालं की माझा चेहरा कसा होत असेल, देव जाणे. मग आजारी पडले, साखळी तुटली, आणि देवाच्या घरातून कुणी बाहेर काढल्यासारखं वाटलं. पाळकांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "इफिस दोन, आठ ते दहा. तिन्ही वचनं एकत्र वाचा." तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी बढाई मारू नये. आणि लगेच पुढे, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. मी नेहमी एकतर आठ-नऊवर थांबायचे नाहीतर थेट दहावर उडी मारायचे. तेव्हापासून माझ्या वहीत बेरजेची ओळ नाही. खूणही नाही, फक्त वाक्य. 'नाही केलं' हेही वाक्यच.

'नाही केलं' चा एक किस्सा सांगते. मत्तय ५:२३-२४, वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. त्यात 'तुझ्या मनात' नाही, 'त्याच्या मनात' आहे, हे मला 'काय दिसलं' लिहिताना कळलं. माझी धाकटी बहीण आणि मी चार वर्षं बोलत नव्हतो. आईच्या शिलाई मशीनवरून सुरू झालं आणि मग मशीन बाजूलाच राहिलं. माझ्या मनात काही नाही, असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत होते. तिच्या मनात होतं, कारण आईच्या शेवटच्या दिवसांत ती कमी आली, असं मी चारचौघांत बोलले होते.

त्या सोमवारी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: फोन. संध्याकाळी: नाही केला. मंगळवारी तोच उतारा पुन्हा घेतला. तुम्हीही काम राहिलं तर नवा उतारा घेऊ नका, तिथेच थांबा. फोन. नाही केला. बुधवारी केला, तिनं उचलला नाही, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. गुरुवारी तिचाच आला. "काय गं, फोन केला होतास?" मी ठरवलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "मी तसं बोलायला नको होतं." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो. नको होतं." आजही मशीनबद्दल आमचं एकमत नाही. पण दर रविवारी बोलतो.

एकट्यानंच नको

आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणाला तरी एक पान वाचून दाखवा. बिरुयाचे लोक पौलाचं ऐकूनसुद्धा रोज शास्त्र तपासून बघत होते (प्रेषितांची कृत्ये १७:११), मग आपलं मनन कुणी तपासलं तर काय बिघडतं? माझी मैत्रीण शुक्रवारी ऐकते. तिचा प्रश्न ठरलेला असतो: "हे उताऱ्यात आहे, का तुझ्या डोक्यात?" दहातून चारदा डोक्यात असतं. मंडळीसाठी मनन लिहायची पाळी आली तर तेच पान थोडं नीटनेटकं करून द्यावं. चौथा रकाना कोरा असलेलं पान मात्र मी कधी कुणाला उपदेश म्हणून देत नाही.

आजचं माझं पान मार्क ४:३५-४१ चं आहे. काय दिसलं: वादळ, लाटा मचव्यात येतायत, येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. काय टोचलं: उशी. आज काय करायचं: मुलगा एकटा लांबच्या प्रवासाला निघालाय, त्याला 'पोचलास का' म्हणून तिसऱ्यांदा फोन करायचा नाही. चौथा रकाना अजून कोरा आहे. गाडी सातला पोचते.